आप्पांचे १३ मार्क: जखमी माजी सैनिकाचं डिप्रेशन कागदावर मोजायचं कसं?

होटगीरोडकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे आप्पा सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीतले, हवालदार म्हणून रिटायर. २००२ साली ऑपरेशन पराक्रमच्या वेळी बॉर्डरवर सुरुंग पेरायचं काम चालू होतं, तिथं स्फोट झाला. डावा पाय गुडघ्याखाली गेला, उजव्या हाताची दोन बोटं गेली, डोक्याला मार, एक कान पूर्ण बंद आणि दुसरा निम्मा. खांद्यात बारके तुकडे अजून आहेत, एक्स-रेत तांदूळ सांडल्यासारखे दिसतात. पाय पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरचा. इतकी वर्षं माणूस ताठ होता, मोहोळकडच्या शेतात स्वतः उभं राहून ज्वारी काढून घ्यायचा, पण गेलं वर्षभर गप गप आहेत.

परवा इथल्याच एका दवाखान्यात शुगर-बीपीला नेलं होतं (नाव लिहीत नाही, उगं वाद नको). तिथं एका पोरानं नऊ प्रश्नांचा कागद हातात दिला, भरा म्हणाला. आप्पांना ऐकू येत नाही, चष्मा घरी राहिलेला, मग मीच भरला. टोटल आली १३. आत डॉक्टरनी कागद बघितला, आप्पांकडं बघितलंच नाही म्हणा, 'डिप्रेशन आहे' म्हणून गोळी लिहिली आणि पुढचा पेशंट. आप्पांनी रिक्षात चिठ्ठी फाडली. म्हणाले मी वेडा हाय का.

आता मला कळेना झालंय. झोप नाही ती पाय दुखतो म्हणून, दमतात ते एका पायावर साठ वर्षाचं शरीर ओढतात म्हणून. मग हे डिप्रेशन कसं? का खरंच आहे? कुणी यातलं जाणकार असेल तर सांगा.

शेंगाचटणी
वाचतेय. माझ्या चुलत्यांचं पण असंच आहे, ते आर्मीत नव्हते, एसटीत होते, पण अॅक्सिडेंट मोठा झालेला.

कंबरतलाव_वॉकर
मला विचाराल तर हे सगळं अमेरिकन फॅड. फौजी माणसाला डिप्रेशन बिप्रेशन नसतं, आमच्या वेळी कुठं होतं. शेतावर न्या, कामात घाला, आपोआप बरं होतंय.

बारा_बोटं
@कंबरतलाव_वॉकर, काय बे, एक पाय नसलेल्या माणसाला कामात घाला म्हणायलास, जरा वाच की वर काय लिहिलंय.

ओपीडी_नंतरचा_चहा
मी सायकॅट्रीत आहे, रेसिडेन्सी करतोय, कुठं ते सोडा. धागाकर्ते, एक काम करा, प्रत्येक प्रश्नाला तुम्ही किती टाकले ते लिहा. नुसत्या १३ वरून काही बोलता येत नाही.

होटगीरोडकर (धागाकर्ता)
कागदाचा फोटो होता मोबाईलमधे. झोप ३, थकवा ३, भूक २, लक्ष न लागणं २, हालचाल मंद होणं २. उदास वाटणं १. बाकी रस वाटत नाही ० आणि स्वतःबद्दल वाईट वाटतं ०, आणि शेवटचा, मरून जावं वाटतं, तो ०.

ओपीडी_नंतरचा_चहा
धन्यवाद. आता बघा गंमत, म्हणजे गंमत नाहीच, पण बघा.

तो कागद पीएचक्यू-९. शेवटच्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं याचे प्रत्येकी ० ते ३, टोटल २७ पैकी. १० किंवा त्याच्या वर गेलं की साधारणपणे 'नीट तपासा' म्हणतात. 'नीट तपासा' हं, 'गोळी लिहा' नाही. २००१ साली छापून आला तेव्हा तो नेहमीच्या ओपीडीत येणाऱ्या लोकांवर तपासलेला होता, खोकला-बीपीवाले, धडधाकट म्हणावेत असे. तुमच्या आप्पांच्या १३ पैकी १२ मार्क शरीराच्या प्रश्नांतून आलेत. झोप, थकवा, भूक, लक्ष, हालचाल. पाय तुटलेला, डोक्याला मार बसलेला, दुखण्याच्या गोळ्या खाणारा कुठलाही माणूस घ्या, मन ठणठणीत असलं तरी तिथं ८-१० मार्क सहज पडतात. मनाचे प्रश्न चार, त्यात त्यांना मिळाला फक्त १.

पण म्हणून 'डिप्रेशन नाही' असं पण मी म्हणणार नाही, कारण मला एक शंका आहे. शेवटचे तीन शून्य कुणी दिले? म्हणजे तुम्ही आप्पांना नववा प्रश्न विचारला का?

होटगीरोडकर (धागाकर्ता)
... नाही. मीच टाकला शून्य. भरलेल्या लाईनीत बापाला कसं विचारणार हो.

ओपीडी_नंतरचा_चहा
तुम्हाला दोष देत नाही, निम्म्या घरांत हेच होतं. पण मग तो कागद आप्पांचा नाहीच, तो तुमच्या डोळ्यांना दिसलेल्या आप्पांचा आहे. झोप दिसते, मंद चालणं दिसतं, ते तुम्ही भरलंत. आतलं दिसत नाही, तिथं शून्य.

सिस्टर_विजापूररोड
वीस वर्षं वॉर्डात काढलीत म्हणून सांगते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला हा कागद ओपीडीत विचारणं म्हणजे शिक्षा आहे. एकदा आमच्या इथं एका पोरीनं, नवीन लागलेली बिचारी, एका आजोबांना तो शेवटचा प्रश्न इतक्या मोठ्यांदा विचारला की औषधाच्या खिडकीपर्यंतची लाईन मागं वळून बघायला लागली. आजोबा म्हणाले 'नाही नाही, सगळं मस्त आहे'. काय म्हणणार दुसरं!

स्फोटातल्या माणसाचा कान आधी बघा. बरेचदा घरचे म्हणतात बाबा बोलत नाहीत, एकटे बसतात, टीव्ही पण बघत नाहीत, आणि खरं कारण काय तर कानाच्या मशीनची बॅटरी संपलेली. आणि उलटही असतं, आधी जीव विटलेला असतो म्हणून मशीनच लावत नाहीत. दोन्ही बघितलंय मी. ऐकू येत नसेल तर एकेक प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून द्या, बाजूला घेऊन बसा, घरच्यांना बाहेर चहाला पाठवा.

अजून एक, भाषा. आपल्या सोलापुरात अक्कलकोट साईडचे घरात कानडी बोलणार, पूर्व भागातले तेलुगू. आणि मराठीवाल्याला तरी 'उदास' म्हणलं तर काय कळतंय, तो म्हणतो मी काय शायर हाय का. 'करमतंय का', 'जीव रमतो का कशात', 'मन कशावरनं उडालंय का' असं विचारलं की मग बोलतात.

एक्स_नाईक_बार्शी
मी स्वतः फौजी, त्यामुळं लिहितो. बाहेरच्या लोकांना हे समजणार नाही. फौजेत मेडिकल कॅटेगरी असते, शेप म्हणतात, इंग्रजी पाच अक्षरं. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी शरीर, ई डोळे. वन असलं की फिट. पाय तुटला, ए खाली गेला, कुणी काय बोलत नाही, उलट मान मिळतो. पण एस खाली गेला की संपलं, हत्यार काढून घेतात, गार्ड ड्युटी नाही, बरॅकमधले लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. त्यामुळं पहिल्या वर्षीच शिकतो माणूस, डॉक्टरनं विचारलं 'झोप येते?' की 'येते साहब'. 'कोई तकलीफ?' 'नहीं साहब'. ही सवय पेन्शनीवर गेल्यावर पण जात नाही, पंचवीस वर्षांनी पण मला डॉक्टरसमोर बसलो की पाठ ताठ होते आणि तोंडातून 'ठीक है साहब' निघतं.

आणि एक भीती, माझी पण होती. की डोक्याचा डॉक्टर दाखवला तर जखमेची पेन्शन बंद होईल का, कागदात काहीतरी शिरेल का. मी तीन वर्षं झाली सायकॅट्रीची गोळी खातोय, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना) पॉलिक्लिनिकमधूनच रेफरल घेतो, माझी पेन्शन एक रुपयानं कमी झालेली नाही. आप्पांना सांगा हे, बार्शीच्या एका नायकानं सांगितलंय म्हणावं.

होटगीरोडकर (धागाकर्ता)
साहेब, पहिल्यांदाच असं कुणी सरळ बोलताना बघतोय. धन्यवाद. वाचून दाखवतो त्यांना, म्हणजे लिहून.

मंगळवेढ्याची_सून
मी कधी लिहीत नाही पण राहवलं नाही. आमचे 'हे' सियाचिनला होते, फ्रॉस्टबाईटमधे पायाची बोटं गेली, नंतर गाडी दरीत गेली तेव्हा पाठीचा मणका. आमच्याकडं 'उदास' वगैरे कधी दिसलंच नाही, दिसला तो राग. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर. पोरगा हसला म्हणून. मी चार वर्षं समजत होते माणसाचा स्वभाव बदलला. त्या नऊ प्रश्नांत राग कुठंच नाही हो, मी नंतर वाचलं. आणि संध्याकाळी कँटीनची रम. कोटा संपला की बाहेरची. डॉक्टरनी मला वेगळं बसवून विचारलं 'घरात कसे असतात' तेव्हा कुठं सगळं बाहेर आलं, मी तिथं रडले तो भाग वेगळा.

तर पेशंट सोडून घरच्या बाईला पण विचारा. तिला सगळं माहीत असतं, फक्त कुणी विचारत नाही.

ओपीडी_नंतरचा_चहा
@मंगळवेढ्याची_सून, तुम्ही लिहिलंत ते आमच्या पुस्तकातल्या दोन पानांपेक्षा भारी आहे, खरंच. पुरुषांत चिडचिड आणि दारू ही बरेचदा डिप्रेशनचीच दोन रूपं असतात, आणि पीएचक्यूत ती सापडत नाहीत. रम आणि झोपेची किंवा दुखण्याची गोळी एकत्र, हे तर अजिबातच नको.

आता जरा लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

अमेरिकेत इराक-अफगाणिस्तानातून स्फोटात जखमी झालेले लोक यायला लागले तेव्हा एकाच माणसाला पाय, डोकं, कान, भाजणं असं सगळं एकदम असायचं, त्याला ते पॉलिट्रॉमा म्हणतात. त्यांच्या माजी सैनिक खात्यानं त्यासाठी वेगळी सेंटर्स काढली, रिचमंड, टॅम्पा, मिनियापोलिस, पालो आल्टो, नंतर सॅन अँटोनियो. २००७ पासून त्या युद्धांतून आलेल्या प्रत्येकाला डोक्याच्या माराबद्दल ठरवून विचारायला लागले. तिथं डॉक्टरांच्या लक्षात आलं की तीन गोष्टी हातात हात घालून येतात: जुनाट दुखणं, पीटीएसडी (भयंकर प्रसंगाचा मनावर राहिलेला आघात) आणि डोक्याच्या मारानंतरची लक्षणं. तिन्हीत झोप जाते, तिन्हीत लक्ष लागत नाही, तिन्हीत माणूस चिडतो. मग त्यात डिप्रेशन कुठलं ते वेगळं काढायचं कसं? हा प्रश्न तुमच्या आप्पांचाच आहे, फक्त मोहोळ तालुक्यातला.

डोक्याच्या मारावर सिएटलचा एक अभ्यास आहे, २०१० सालचा, साधे नागरिक होते ते, सैनिक नाहीत. दवाखान्यात भरती झालेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना पहिल्या वर्षात कधी ना कधी डिप्रेशन आलेलं दिसलं. म्हणजे शक्यता कमी नाही, हे लक्षात असू द्या.

काही लोक म्हणतात मग शरीराचे प्रश्न काढूनच टाका. १९८३ चा एक दुसरा कागद आहे, हॅड्स म्हणतात, दवाखान्यातल्या आजारी लोकांसाठीच केलेला, त्यात शरीराची लक्षणं मुद्दाम टाळलीत. चांगला आहे. पण माझं मत असं की नुसतं काढून टाकणं पण बरोबर नाही, कारण डिप्रेशन आलं की तेच दुखणं दुप्पट लागतं आणि झोप अजून जाते. म्हणून मी विचारतो, पाय कमी दुखला त्या रात्री तरी झोप लागली का? दुखण्यानं जाग येते का पहाटे चारला आपोआप डोळे उघडतात आणि मग डोक्यात चक्र चालू? जेवायची इच्छा नाही का बोटं नाहीत म्हणून भाकरी मोडता येत नाही आणि लाज वाटते? (हा शेवटचा खरा किस्सा आहे, पेशंटनं सांगितलेला.) आणि मग दोनच प्रश्न, समोर बसून, घाई न करता: मन खाली जातं का, आणि पूर्वी आवडायचं ते आता नकोसं झालंय का. या दोनवर उत्तर हो असेल तर बाकीच्या सातांना किंमत येते.

आणि औषधं बघा त्यांची. आप्पांना फिट येतात का? डोक्याच्या मारानंतर लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी बरेच जण घेतात, त्यानं काहींना चिडचिड आणि उदासी येते. थायरॉईड, बी-१२ पण एकदा करून घ्या.

होटगीरोडकर (धागाकर्ता)
फिट सुरुवातीला आलेल्या दोनदा. गोळी चालू आहे, नाव तेच, गेल्या वर्षी डोस वाढवलेला!! हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

एक्स_नाईक_बार्शी
गोळी स्वतः बंद करू नका हां, फिट येईल. डॉक्टरलाच विचारा.

ओपीडी_नंतरचा_चहा
+१, हेच लिहायला आलो होतो.

पार्कचौक_पत्रकार
एक व्यवहारी मुद्दा. स्क्रीनिंग करून पुढं काय? कागद भरून घेणारे खूप झाले, कागद बघायला माणूस कुठं आहे. तालुक्याच्या गावातून सायकॅट्रिस्टकडं यायचं म्हणजे एक दिवस गेला, बरोबर कुणीतरी लागतं, त्याची मजुरी गेली. नुसतं मोजून फाईलला लावायचं असेल तर नाही मोजलं तर बरं, उगं माणसाच्या जखमेवरची खपली काढायची आणि तसाच घरी पाठवायचा.

सिस्टर_विजापूररोड
मुद्दा बरोबर आहे. पुढची सोय नसेल तर स्क्रीनिंगला अर्थ नाही. पण सोय अगदीच नाही असं पण नाही. १४४१६ हा टेलीमानसचा नंबर आहे, मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायला, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. २०२३ च्या डिसेंबरात पुण्याला एएफएमसीत (सैन्याचं मेडिकल कॉलेज) सैन्याच्या लोकांसाठी त्याचा वेगळा सेल पण सुरू झालाय. प्रवासाचा खर्च वाचतो निदान पहिल्या वेळी. ऐकू न येणाऱ्याला फोनचा उपयोग नाही हे मान्य, पण घरच्यांना होतो.

कंबरतलाव_वॉकर
बरं मी वर बोललो ते मागं घेतो. माझा मेव्हणा पण फौजी होता. असो.

होटगीरोडकर (धागाकर्ता)
अपडेट. काल रविवार होता. आप्पांना घेऊन शेतावर गेलो, आई पण होती. मशीनची बॅटरी नवीन टाकली, वही-पेन बरोबर घेतलं. बार्शीच्या साहेबांचा प्रतिसाद मोठ्या अक्षरात लिहून नेला होता. तो त्यांनी दोनदा वाचला, मग विचारलं 'कुठल्या युनिटचे?' मला माहीत नव्हतं.

मी विचारलं करमतं का. म्हणाले नाही. मग बराच वेळ काही नाही. मग आपणहून बोलले, त्या दिवशी त्यांच्याबरोबर एक पोरगा होता, नवीन भरती झालेला, त्याला 'पुढं हो' म्हणणारे आप्पाच होते. तेवीस वर्षं झाली, घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री ते दरवर्षी गावाकडं निघून जायचे, आम्ही समजायचो गर्दीत पायाला त्रास होतो. मग नववा प्रश्न मी वहीत लिहिला. त्यांनी पेन घेतलं, बोटं नाहीत त्यामुळं अक्षर वाकडं येतं, आणि लिहिलं 'कधी कधी'.

मी गार पडलो. पण त्याहून मोठा धक्का आईनं दिला. परत येताना म्हणाली, बारा बोअरच्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली वर्षभर माझ्या कनवटीला आहे. का ते कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही.

आता काय करू? आप्पांना एकटं सोडायचं नाही एवढं कळतंय.

ओपीडी_नंतरचा_चहा
विचारलंत ते योग्य केलंत, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो असं काही नसतं. उद्याच सायकॅट्रीत न्या, ओळीत थांबवू नका, आत जाऊन सरळ सांगा 'जीव द्यायचा विचार येतो' म्हणून, लगेच घेतात. रात्री काही वाटलं तर सिव्हिलची कॅज्युअल्टी उघडीच असते. गोळ्यांचा डबा आईंकडं ठेवा, एकेक दिवसाच्या काढून द्या. आणि बंदूक घरात नको, किल्ली असली तरी नको.

एक्स_नाईक_बार्शी
बंदूक पोलिस ठाण्यात जमा करता येते, इलेक्शनच्या वेळी करतोच की आपण, तशीच. आप्पांना चोरून करू नका. सांगून करा, हवालदार आहेत ते, हत्यार जमा करणं त्यांना नवीन नाही. पावती त्यांच्या हातात द्या.

आणि मला मेसेजमधे तुमचा नंबर द्या, मी येतो भेटायला. युनिट मीच सांगतो त्यांना.

मंगळवेढ्याची_सून
आईंना माझा नमस्कार सांगा.

होटगीरोडकर (धागाकर्ता)
तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळ्यांनी विचारलं म्हणून. सायकॅट्रीच्या मॅडमनी पाऊण तास दिला, आधी आप्पांना एकट्याला, मग आईला एकटीला. कागद परत भरला, यावेळी आप्पांनी स्वतः. शरीराचे मार्क तेच, १२. पण रस नसणं ३, उदास २, स्वतःबद्दल २, नववा १. टोटल २०. त्यांनी डिप्रेशन सांगितलं, आणि पीटीएसडीसाठी पुढच्या वेळी वेगळं बघणार आहेत. दुखण्याची ट्रामाडॉल बंद केली कारण नव्या गोळीबरोबर ती चालत नाही, आणि ड्युलोक्सेटिन चालू केलीय, नसेच्या दुखण्याला पण आणि मनाला पण. फिटची गोळी न्यूरोवाल्यांशी बोलून बदलतायत हळूहळू. फरक म्हणाल तर अजून फार नाही, चार-सहा आठवडे लागतील म्हणाल्या. पहिले आठ दिवस मळमळ झाली, आप्पा म्हणाले मी म्हणलो नव्हतं का.

बंदूक जमा केली. पावती त्यांच्या पाकिटात आहे, कँटीन कार्डाच्या मागं.

बार्शीचे साहेब दोन रविवार येऊन गेले. दोघं कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसतात, निम्मा वेळ काहीच बोलत नाहीत. मी विचारलं काय बोलता, तर आप्पा म्हणाले 'तुला काय करायचंय'.

शेंगाचटणी
माझं नाव निघालं धाग्यात :) बरं वाटलं वाचून. चुलत्यांना पण नेतेय सोमवारी.

होटगीरोडकर (धागाकर्ता)
एक किरकोळ प्रश्न, मशीनच्या बॅटऱ्या आठवड्यात संपायल्यात, आधी दहा-बारा दिवस जायच्या. डुप्लिकेट असतील का?

सिस्टर_विजापूररोड
आधी दिवसभर लावत नव्हते ना, आता लावायलेत म्हणून संपतात. मागचं स्टिकर काढलं की लगेच बसवू नका, दोन-चार मिनिटं हवा लागू द्या. आणि रात्री काढल्यावर झाकण उघडं ठेवा.

होटगीरोडकर (धागाकर्ता)
ओके सिस्टर, सांगतो आईला.